मुंढा तंग आहे

९ जानेवारी, मंगळवार

आज पुन्हा तेच. संडासात काचा. दुसरा शब्द नाही. रक्त थोडंच, फरशीवर दोन थेंब — पण नंतर तीन तास जी आग राहते तिचं काय करायचं! दुकानात गेले तर समोर शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा, चाळीस स्कर्ट, आणि मी मशीनवर एका कुल्ल्यावर बसलेली. उजवा पाय पायडलवर, डावी बाजू अधांतरी. सोळा वर्षं ह्याच स्टुलावर बसून शिवलं. आता तेच स्टूल वैरी झालंय.

काजूने ओळखलं. काजू म्हणजे आमची हातकामवाली — काज, हूक, तुरपाई. काज करते म्हणून काजू. खरं नाव हजेरीच्या वहीत तेवढं उरलंय. दुपारी मला ट्रायल-रूममध्ये ओढून नेलं, पडदा लावला आणि म्हणाली, "एका ढुंगणावर का शिवतेस गं?"

मी रडलेच. अडीच महिने नवऱ्याला धड सांगितलं नाही ते हिला सगळं सांगून टाकलं. संडासाची भीती, भीतीपोटी कमी जेवणं, कमी जेवल्यामुळे आणखी खडा, आणि खड्यामुळे पुन्हा रक्त. ती हसली नाही. ओठांवरून बोट ओढून दाखवलं. "टाका घातला. आता उसवायचा तर तूच उसव."

तिने माझं झाकायचं, मी तिचं. तिचं म्हणजे डोळे. दोन वर्षं झाली, तिला सुई ओवता येत नाही. बोटांना सगळं पाठ आहे, टाका अजून एकसारखा पडतो, पण दोरा नेढ्यात जात नाही. म्हणून मी रोज मालकांच्या आधी येते आणि तिच्या पिनकुशनवर वीस सुया ओवून ठेवते. दहा पांढऱ्या, दहा काळ्या, बाकी रंग लागतील तसे. मालकांना कळलं तर त्याच दिवशी घरी बसवतील तिला. आणि तिच्या घरात कमावणारं दुसरं कोणी नाही.

१० जानेवारी

आज बरं होतं. म्हणजे नुसतं दुखलं.

१३ जानेवारी, शनिवार

ह्यांना सांगितलं एकदाचं. हे मीटर-रीडर. जगाच्या मीटरचे आकडे वाचतात, घरातला चेहरा तेवढा वाचता येत नाही. "मूळव्याध असेल," म्हणाले, पेपरातून मान वर न काढता. कमरेखाली काहीही झालं की ती मूळव्याध, हे ह्यांच्या घराण्याचं वैद्यक!

संध्याकाळी औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणून ठेवली. "काय सांगितलंत तिथे?" विचारलं, तर म्हणाले, "मलाच पाहिजे म्हटलं." त्या एका वाक्यासाठी बाकीचं सगळं माफ केलं.

१६ जानेवारी

ट्यूबने काही नाही. उलट चुरचुरतं. काजू म्हणते, "दुकानदाराला विचारून काय होणार? दाखवायचं तिथे दाखव." वर स्वतःच फोन करून शुक्रवारची वेळ घेतली. बाई डॉक्टर आहे ना, हे तीनदा विचारून घेतलं. माझ्यासाठी.

१९ जानेवारी, शुक्रवार

काजू बरोबर आली. मालकांना सांगितलं, माझा दात दुखतोय. वरचं टोक काय नि खालचं टोक काय.

सर्जनबाई माझ्याच वयाच्या. कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातले रविवार मोजत पडले. त्यांनी बोट घातलं नाही, यंत्र घातलं नाही. नुसतं हलक्या हाताने बाजूला करून दिव्यात बघितलं. "दिसतंय. आत घालून आज तुम्हाला आणखी छळत नाही," म्हणाल्या. तेवढ्यानेच डोळे भरले.

मूळव्याध नाही. चीर आहे. दोन महिन्यांवर गेली म्हणजे जुनाट झाली. कडा जाड झाल्यात, बाहेरच्या टोकाला कातडीचा एक लोंबता तुकडा आलाय. मग त्यांनी मूठ आवळून समजावलं. आतला स्नायू सतत आवळलेला असतो, म्हणून चिरेपर्यंत रक्त पोचत नाही. रक्त नाही म्हणून ती भरत नाही, भरत नाही म्हणून दुखते, आणि दुखलं की स्नायू आणखी आवळतो.

मी म्हटलं, "म्हणजे मुंढा तंग आहे."

त्यांना कळेना. मग मी त्यांना शिकवलं. ब्लाउजला बाही जोडतो तो गोल म्हणजे मुंढा. तो तंग बेतला तर बगल फाटते. अडाणी शिंपी बगल शिवून देतो, चार दिवसांत ती पुन्हा फाटते. जाणता शिंपी फाटलेल्या जागेशी झटत नाही, मुंढा सैल करतो. सर्जनबाई खुर्चीत मागे टेकून हसल्या. "हे मी आता सगळ्या पेशंटना सांगणार. आधी मलमाने सैल करून बघू."

तर आता असं: ईसबगोल, भरपूर पाणी, कुंथायचं नाही, संडासनंतर कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं, आणि मलम दोनदा, वाटाण्याएवढं. काजू बाहेर बाकावर बसली होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "चला, दुखण्याला नाव मिळालं."

२२ जानेवारी

मलम लावलं की वीस मिनिटांत डोकं ठणकतं. खालचं दुखणं वर गेलं! दुकानात काजूने सगळ्यांदेखत विचारलं, "मुंढा कसा आहे गं आज?" मी म्हटलं, "तंगच." कटिंगचे मास्तर बिचारे चष्मा लावून माझ्या हातातलं ब्लाउज तपासायला आले. "ठीक आहे की मुंढा, पोरी." आम्ही दोघी ट्रायल-रूममध्ये जाऊन पोट धरून हसलो. हसतानाही दुखलं.

३० जानेवारी, मंगळवार

मलम बदललं. हे दुसऱ्या जातीचं, ह्याने डोकं दुखत नाही. आठ आठवडे लावायचं, एक दिवस न चुकवता. निम्म्याहून जास्त लोकांची चीर ह्यानेच भरते म्हणे. नाही भरली तर इंजेक्शन किंवा छोटं ऑपरेशन. मी निम्म्याहून जास्तातली असेन. आजवर कशात कमी पडले नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार

आज दोन गोष्टी झाल्या.

एक गिऱ्हाईक भांडायला आलं. म्हणे, बाही कोपराच्या खाली सांगितली होती, वर शिवली. मालकांनी आवाज न चढवता ऑर्डर-पुस्तक काढलं. वरचं पान गिऱ्हाइकाकडे जातं, खालची कार्बनची निळी नक्कल आमच्याकडे राहते. ज्याच्याकडून कटकट होईल असं वाटतं त्याच्या पानाचा कोपरा ते आधीच दुमडून ठेवतात. कोपऱ्यावर बोट ठेवून पुस्तक उघडलं, निळ्या अक्षरात "कोपराच्या वर दोन बोटं". बाईने ब्लाउज पिशवीत टाकलं. मालक नेहमीचं वाक्य बोलले, "निळं पान खोटं बोलत नाही."

दुसरी गोष्ट. मास्तर एप्रिलअखेर निवृत्त होताहेत. मालकांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, "मास्तर गेले की कटिंगचं टेबल तुमचं, ताई. माप घेणं, बेतणं, सगळं तुम्ही बघायचं."

कटिंगचं टेबल! ते काम उभ्याने करतात. दिवसभर उभ्याने. आणि ह्या दुकानात आजवर एकाही बाईने कात्री धरलेली नाही. घरी येऊन टबात बसले तर रडूच फुटलं, आनंदाने. हे बाहेरून ओरडले, "फार दुखतंय का?"

१ मार्च

बरीच सुधारणा. आग अर्ध्या तासावर आली. काजूला म्हटलं, मुंढा सैल पडतोय. ती म्हणाली, "टेबलावर उभी राहिलीस की मला विसरू नकोस. सुया कोण ओवणार?" मी म्हटलं, मास्तरीण झाले तरी तुझी शिकाऊच.

१९ मार्च, मंगळवार

घाईच्या ऑर्डरी. दोन दिवस पाणी प्यायचं राहिलं. आज सकाळी एकच खडा — आणि सात आठवड्यांचं मलम पाण्यात. पहिल्याएवढंच रक्त, पहिल्याएवढीच आग. माझ्याच शरीराने मला फसवलं.

२५ मार्च, सोमवार

उद्या सर्जनबाईंकडे. तिथे गेलं की माझी बोबडी वळते, विचारायचं ते राहून जातं. म्हणून प्रश्न लिहून काढले. दुपारी दुकानात कोणी नव्हतं, हाताशी ऑर्डर-पुस्तक होतं, त्याच्यावरच भराभर चार ओळी खरडल्या. मास्तरांची चप्पल वाजली तशी पान फाडून पर्समध्ये कोंबलं. नशीब, कोणी बघितलं नाही.

२६ मार्च, मंगळवार

बाहेर बाकावर काजूला चारही प्रश्न वाचून दाखवले, तिला एवढं बारीक कुठलं दिसायला. तिसरा ऐकून तिने माझा हात धरला. तिसरा तोच — ऑपरेशननंतर गॅस अडवता येईल का, कपडे खराब होतील का.

सर्जनबाईंनी न लाजता, न घाई करता सगळं सांगितलं. मलमाला पुरती संधी दिली, आता पुढचं बघायचं. इंजेक्शनने स्नायू दोन-तीन महिने ढिला पडतो, तेवढ्यात चीर भरली तर भरली. काहींना परत होते. ऑपरेशन म्हणजे आतल्या स्नायूला बाजूने छोटा कट. शंभरातल्या नव्वदांहून जास्त बऱ्या होतात. पण थोड्यांना गॅस अडवायला जड जातं, कधी कपड्याला डाग लागतो. बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारतं, क्वचित कोणाचं राहतं. "तुमच्या बाळंतपणात फाटून टाके पडले होते, म्हणून आधी स्नायूची ताकद मोजू. कमी निघाली तर कट देणारच नाही. शेजारची कातडी सरकवून चिरेवर बसवू."

"ठिगळ," मी म्हटलं. "ठिगळच," त्या म्हणाल्या.

मोजलं. ताकद चांगली आहे. म्हणजे तिन्ही वाटा मोकळ्या. मी ऑपरेशन म्हटलं. सारखं सारखं शिवत बसायला मला वेळ नाही. नऊ मेला करू म्हणाल्या. तोवर टेबल माझं झालेलं असेल, मग हक्काने रजा मागेन.

चौथा प्रश्न, माप घेताना वाकावं लागतं, चालेल का? दोन-तीन आठवड्यांनी खुशाल वाका, म्हणाल्या.

बाहेर आल्यावर काजू म्हणाली, "ऑपरेशनला मी येते. तुझे हे तिथे चक्कर येऊन पडतील."

२९ एप्रिल, सोमवार

आज लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

मालकांनी बोलावलं. मला वाटलं, टेबलाचं. टेबलाचंच होतं. "समोरच्या दुकानातला कटर घेतोय, ताई. तुमच्या तब्येतीकडे बघता..."

मी म्हटलं, माझ्या तब्येतीला काय झालंय?

मालक खाली बघून मेजरटेप गुंडाळत राहिले. "ऑपरेशन आहे ना तुमचं. त्याच्यानंतर माणसाला गॅस अडवता येत नाही म्हणतात. कपडे खराब होतात. आपल्याकडे बायका मापाला येतात, वाकावं लागतं. बरं दिसणार नाही ते."

गॅस. कपडे. वाकणं. माझेच शब्द, त्याच क्रमाने! मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पन्नाशीच्या पुरुषाच्या तोंडी माझ्या गुदद्वाराची गोष्ट. सोळा वर्षं ज्याच्यासमोर पदर नीट केल्याशिवाय उभी राहिले नाही त्याच्या तोंडी.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"दुकानात काय लपतं, ताई?"

"काजूने ना?"

ते नाही म्हणाले नाहीत. "जाऊ द्या. कोणी का सांगेना," एवढंच म्हणाले, आणि टेप खिशात घातला.

ह्यांना ते प्रश्न माहीत नाहीत. सर्जनबाई मालकांना ओळखत नाहीत. उरलं कोण? ट्रायल-रूमचा पडदा लावून ज्या बाईने माझं सगळं ऐकून घेतलं, ती. केसाने गळा कापला माझा. ओठाला टाका घातला म्हणाली होती!

३० एप्रिल

मास्तरांना निरोप दिला. त्यांनी सगळ्यांसमोर आपली मोठी कात्री मला दिली. टेबलाचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. नवा कटर शेजारी उभा. मी कात्री घेतली आणि मशीनवर जाऊन बसले. एका बाजूवर.

काजू आली, हळूच म्हणाली, "हे काय झालं गं? मुंढा कसा आहे?"

"टाका सुटला वाटतं," मी म्हटलं.

"कोणाचा?"

काय ते भोळं तोंड! दोन वर्षं मालकांसमोर बघण्याचं सोंग करते, माझ्यासमोर न समजल्याचं सोंग करायला काय जड आहे. सकाळी सुयाही ओवल्या नव्हत्या. ती पिनकुशन चाचपत होती ते मी बघत बसले.

२ मे, गुरुवार

झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळपासून काजूचं काम अडलेलं. सुया आजही ओवल्या नाहीत. काल येता-जाता कोणाकोणाकडून ओवून घेतल्या असणार. अकरा वाजता मालकांनी विचारलं, बारा ब्लाउजचे हूक अजून का झाले नाहीत? ती म्हणाली, करते. त्यांनी पुन्हा विचारलं. आणि मी मशीन थांबवून म्हटलं, "तिला दिसत नाही. दोन वर्षं सुया मीच ओवून देते."

एवढा मोठा आवाज लागणार हे मलाही माहीत नव्हतं.

मालकांनी एक सुई आणि पांढरा दोरा तिच्या हातात दिला. "ओवा." सगळी मशीनं बंद. नवा कटरसुद्धा कात्री खाली ठेवून बघत होता. काजूने दोऱ्याचं टोक ओलं केलं. ओवायला गेली, दोरा नेढ्याच्या बाजूने गेला. पुन्हा ओलं केलं. सात वेळा. मी मोजले. सातव्या वेळी दोरा सुईच्या पार पलीकडे गेला आणि तिला वाटलं, ओवला. तिने ओढून गाठ मारायला घेतली. हातात नुसता दोरा.

कोणी हसलं नाही.

"राहू द्या, मालक," ती म्हणाली. आपलं बोटातलं अंगुस्तान आणि छोटी कात्री पिशवीत टाकली. जाताना माझ्या मशीनपाशी थांबली. माझ्याकडे बघत होती, पण जरा चुकून, माझ्या खांद्याच्या बाजूला. मला वाटलं, आता शिव्या देणार. मी तयार होते.

"नऊ तारखेला तुझ्याबरोबर कोण येणार?" म्हणाली.

मी मशीन चालू केलं.

३ मे

चांगलं झालं. करावं तसं भरावं. तिने माझं टेबल घेतलं, मी तिचं स्टूल घेतलं. फिट्टंफाट. मग जेवण का जात नाहीये?

९ मे, गुरुवार

सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी. पाठीत सुई देऊन कमरेखालचं सगळं झोपवलं. बाईंना विचारलं, कट केवढा? त्यांनी करंगळीचं नख दाखवलं. अर्धा तास लागला असेल. हे खरंच बाहेर खुर्चीत डोकं धरून बसले होते, नर्सने त्यांना पाणी दिलं. मला हसू आलं, आणि हे कोणी आधीच सांगितलं होतं ते आठवून हसू गेलं.

१० मे

संडासला गेले. भीतीने दाराची कडी दोनदा धरली. जखम दुखली. पण काचा नाहीत. काचा नाहीत! ती जुनी आवळ एका दिवसात गेली. टबात बसून मी देवाचं नाव घेतलं आणि बाईंचं.

१५ मे

जेवताना वारा सुटला. अडवता आला नाही. ह्यांनी काही न बोलता टीव्हीचा आवाज वाढवला. मालक खरे ठरणार की काय?

१७ मे, शुक्रवार

दुपारी काजू दारात आली. मी खिडकीतूनच बघितलं आणि ह्यांना सांगितलं, झोपलेय म्हणा. ह्यांना खोटं नीट बोलता येत नाही. "ती झोपलेय म्हणाली," म्हणाले. काजूने ते ऐकून घेतलं आणि एक पिशवी देऊन गेली.

आत उशी होती. गोल, मधे भोक, बसायला. हाताने शिवलेली, बोटांना पाठ नसलेलं काम. एक टाका बोटाएवढा, पुढचा मुंगीएवढा, एके ठिकाणी दोरा भलत्याच रंगाचा. तिची सुई कोणी ओवून दिली कोण जाणे. आता कसला पुळका? आधी घाव घालायचा, मग फुंकर. उशी कॉटखाली ढकलली.

२३ मे

तपासणी. चीर भरत आलीये. वारा आता अडवता येतो, गेले चार दिवस एकदाही चुकला नाही. सर्जनबाई म्हणाल्या, बहुतेकांचं असंच होतं, थोडे दिवस लागतात. मग विचारलं, "तुमच्या त्या मैत्रीण नाही आल्या?" मी म्हटलं, तिची माझी मैत्री राहिली नाही.

३ जून, सोमवार

कामावर. दोन्ही बाजूंवर टेकून बसले. सात महिन्यांत पहिल्यांदा! दिवसभर शिवलं, काही झालं नाही. नव्या कटरचा मुंढा दोन ब्लाउजांना तंग बेतला गेला. मी बोलले नाही. काजूच्या कोपऱ्यात इस्त्रीचे कपडे ठेवतात आता. पिनकुशन तिथेच आहे, कोणी उचललं नाही.

"मुंढा कसा आहे?" असं विचारणारं कोणी नाही, आणि आज सांगण्यासारखं होतं.

११ जून, मंगळवार

शाळेची जुनी ऑर्डर शोधायला मार्चचं पुस्तक काढलं. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता, मालक दुमडतात तसा.

पंचवीस मार्च. माझं अक्षर, निळं. चार प्रश्न, एकाखाली एक. वरचं पान मी फाडून नेलं होतं, कार्बन काढायचा राहिला होता.

काजूला हे पान वाचता आलं नसतं. मालकांना ते ठाऊक आहे. मीच सांगितलंय.